उंबऱ्याआतले कारखाने

सोलापूरच्या पूर्व भागात कारखाना आणि घर यांच्यामध्ये बहुतेक वेळा फक्त एक जिना असतो. खाली माग, वर बिऱ्हाड. अशोक चौक, दत्त नगर, भद्रावती पेठ किंवा विणकर वसाहत, कुठल्याही गल्लीत शिरले की यंत्रमागांचा खडखडाट दाराबाहेर येतो आणि त्याच दारात तांदूळ निवडणे, मुलांचा अभ्यास, बिड्या वळणे चाललेले असते. पाट्या थोड्या आहेत. कोणत्या घरात चार माग आहेत, कुठे सोळा आहेत आणि कुठे सगळे विकून रिकामी शेड भाड्याने दिली आहे, हे गल्लीला ठाऊक असते. सरकारी नोंदीत ते नेमके दिसतेच असे नाही.

२०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाखांहून थोडी अधिक वस्ती असलेले हे शहर महाराष्ट्र-कर्नाटक सीमेजवळ आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा इथल्या बाजारात रोज लागतात. पुण्यापासून सुमारे अडीचशे आणि हैदराबादपासून सुमारे तीनशे किलोमीटरवरचे हे शहर दोन्हीकडे माणसे पाठवते, पण दोन्हींपैकी कोणाचेही उपनगर झालेले नाही. त्यामुळे त्याला आपल्या पोटापाण्याची सोय आपणच लावावी लागते. मोठ्या गिरण्या बंद पडल्यानंतर ती सोय घराघरांतून लागली. म्हणून सोलापूरच्या पुनरुज्जीवनाचा विचार घरापासून सुरू करावा लागतो: त्या घराला पाणी किती येते, वीज किती दराने मिळते, कर्ज कोण देते, माल कोण उचलतो आणि मुळात ते घर कोणाच्या नावावर आहे.

भोंगा थांबल्यावर

१८६० मध्ये सोलापुरात रेल्वे आली आणि आसपासच्या कापूस पिकवणाऱ्या प्रदेशाचा माल मुंबईशी जोडला गेला. १८७७ साली मुंबईच्या भांडवलातून सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी उभी राहिली. पुढे तिला सगळे ‘जुनी मिल’ म्हणू लागले. मागोमाग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू आणि जाम या गिरण्या आल्या. दुष्काळाने गाव सोडलेली माणसे इथे मजुरीला लागली. निजामाच्या राज्यातील तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना काटेरी तारांच्या वसाहतीत कोंडून त्यांतील अनेकांना गिरणीकामाला जुंपले. शहराचा तो भाग आजही ‘सेटलमेंट’ या नावाने ओळखला जातो. भोंगा वाजला की पाळी बदले आणि त्याच वेळेनुसार चहाच्या टपऱ्या, खाणावळी, किराणा आणि सावकारी चाले.

ही सगळी व्यवस्था एका दिवसात कोसळली नाही. यंत्रे जुनी झाली, त्यांच्या नूतनीकरणावर मालकांनी खर्च केला नाही आणि गिरणीतल्या मजुरीच्या, भविष्यनिर्वाह निधीच्या मानाने छोट्या यंत्रमागावर तेच कापड स्वस्तात निघू लागले. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने आजारी गिरण्या बंद करण्याची वाट मोकळी केली. विसावे शतक संपता संपता सोलापूरच्या अर्थकारणाचा आधार म्हणून गिरणी उरली नव्हती.

गिरणी गेली तरी तिथे शिकलेले हात शहरातच होते. जॉबरला, म्हणजे मागांवरच्या मुकादमाला, माग दुरुस्त करता येत होता, विणकराला ताणा जोडता येत होता आणि पद्मशाली कुटुंबांत तर हातमागाची परंपरा गिरणीच्याही आधीची होती. जुने माग भंगाराच्या भावात मिळत. दोन-चार माग घेऊन, नातेवाइकांकडून पैसे उभे करून माणसे स्वतःच कारखानदार झाली. काल ज्याच्या हाताखाली काम केले त्याच्या शेजारीच शेड टाकली, अशी उदाहरणे पूर्व भागात घरोघर सांगितली जातात. गिरणीने पोसलेले कौशल्य गिरणीबाहेर पडून शेकडो छोट्या शेडमध्ये विखुरले. सोलापूरचे पहिले पुनरुज्जीवन हेच. त्यासाठी कोणतीही योजना आखलेली नव्हती.

ताणा, बाणा आणि उधारी

सोलापूरची ओळख चादरीने झाली, पण आज बहुतेक मागांवर टेरी टॉवेल निघतो. चादरीवरची नक्षी जकार्ड यंत्रणेतून येते. छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या मागावर फिरतात आणि कोणता उभा धागा वर उचलायचा ते छिद्र ठरवते. नव्या मागांवर हे काम संगणक करतो. टॉवेलची युक्ती वेगळी आहे. त्याला उभ्या धाग्यांचे दोन बीम लागतात, एक ताठ आणि एक सैल. दोन आडवे धागे कापडाच्या कडेपासून किंचित दूर ठेवले जातात. तिसरा पडला की फणी तिघांना एकदम पुढे ढकलते आणि सैल बीमचा धागा फुगून वर येतो. पाणी शोषणारे टॉवेलचे फासे ते हेच. सैल बीम किती सैल सोडायचा यावर टॉवेलचे वजन, म्हणजे त्यात जाणारे सूत, म्हणजे त्याची किंमत ठरते.

एका टॉवेलच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा सुताचा असतो आणि सुताचा भाव कारखानदाराच्या हातात नसतो. तो कापसाच्या हंगामाबरोबर आणि निर्यातीबरोबर वरखाली होतो. सूत व्यापारी काही आठवड्यांच्या उधारीवर सूत देतो. कारखानदार टॉवेल विणून घेतो, रंगाई-धुलाईला पाठवतो, कडा शिवून घेतो आणि मुंबई, दिल्ली वा दक्षिणेतल्या व्यापाऱ्याला देतो. त्याचे पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात. मजुरी मात्र आठवड्याला द्यावी लागते. सुताची मुदत आधी संपते, मालाचे पैसे नंतर येतात आणि मधल्या काळाचा भार छोट्या कारखानदारावर पडतो. भाव पडलेला असताना साठवलेले सूत किंवा अडकलेले एखादे मोठे बिल एवढ्यावर आठ मागांची शेड बंद पडू शकते.

या साखळीला कायद्याने एक वेसण घातली आहे. सूक्ष्म वा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच द्यायचे. ते थकवले तर प्रत्यक्ष चुकते करीपर्यंत प्राप्तिकराच्या हिशोबात त्याला तो खर्च वजा मिळत नाही. प्राप्तिकराची ही तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू झाली. पण तिचा उपयोग होण्यासाठी कारखानदाराची नोंदणी हवी, पक्के बिल हवे आणि व्यापारी दुसरीकडे वळला तरी माल खपेल अशी खात्री हवी. जिन्याखालच्या शेडमध्ये या तिन्ही गोष्टी एकत्र क्वचितच असतात.

कागदावर लहान राहण्याचीही कारणे आहेत. कामगारांची संख्या ठरावीक मर्यादेखाली राहिली तर कारखान्यांसाठीचे नियम लागत नाहीत, म्हणून एकाच छताखालचे माग भाऊ, मुलगा, सून अशा वेगवेगळ्या नावांवर दिसतात. वीजदराच्या सवलतीतही २७ अश्वशक्तीच्या वरचा आणि खालचा असे दोन गट आहेत. त्यामुळे मागवाला वाढण्याआधी दोनदा हिशोब करतो. भविष्यनिर्वाह निधीचा वाद इथे वर्षानुवर्षे चालत आला आहे: कामगार म्हणतात आम्ही नोकर आहोत, कारखानदार म्हणतो हे उक्त्या मजुरीचे काम. कामगाराने घेतलेली उचल त्याला एका शेडशी बांधून ठेवते आणि मालकाचेही पैसे अडकवते.

बाजाराच्या बाजूने दोन आव्हाने आहेत. कृत्रिम धाग्यांचे हलके, मऊ ब्लँकेट स्वस्त झाले आणि सुती चादरीचे गिऱ्हाईक घटले. दहा-पंधरा वर्षे टिकणे हा चादरीचा लौकिक. पण टिकाऊ वस्तू पुन्हा लवकर विकतही नाही. दुसरे, ‘सोलापूर’ हे नाव शिवून इतरत्र विणलेला माल बाजारात येतो. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि ते मिळवणाऱ्या महाराष्ट्रातील पहिल्या उत्पादनांत त्यांची गणना होते. मात्र मानांकन स्वतःहून कोणाचे लेबल उतरवत नाही. त्यासाठी संघटनेला बाजार धुंडाळावे लागतात, तक्रार नोंदवावी लागते, खटला चालवावा लागतो. त्या खर्चाची तरतूद छोट्या कारखानदारांच्या संघटनेकडे नसते.

घर आणि कारखाना एकत्र असण्याची किंमत कधी पैशात मोजता येत नाही. १८ मे २०२५ रोजी पहाटे अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि तिथेच राहणारे मालकाचे कुटुंब आणि कामगार मिळून ८ जणांचा मृत्यू झाला. सूत आणि कापूस क्षणात पेटतात, टॉवेलच्या गठ्ठ्यांनी जिना अडतो आणि खिडक्यांना लोखंडी जाळ्या असतात. बाहेर पडायचा दुसरा रस्ता, वीजजोडणीची तपासणी आणि अग्निशमनाचे पाणी या गोष्टी उद्योगाच्या चर्चेत शेवटी येतात. घराखाली कारखाना चालवणाऱ्या शहरात त्यांचा विचार आधी व्हायला हवा.

सुपातली मजुरी

पुरुष गिरणीत गेले तेव्हा बायकांच्या हाती बिडी आली. गिरणी बंद झाल्यावर अनेक घरांत बिडीची मजुरी हाच नियमित पैसा उरला. शहरात साठ-सत्तर हजार महिला बिड्या वळतात, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते.

कामाची रीत ठरलेली आहे. कारखान्याच्या शाखेतून, म्हणजे कामगारांच्या भाषेत ‘ब्रँच’मधून, तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा मिळतो. पाने भिजवायची, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची, त्यात तंबाखू भरून वळायचे, टोक दुमडून दोरा बांधायचा. सुपात हे सगळे मांडून हात चालू असतात आणि कान घरात असतात. दिवसाला हजार बिड्या हे मजुरीचे माप. सकाळी ब्रँचसमोर रांग लागते. तिथे तपासनीस काही बिड्या बाजूला काढतो, त्याला ‘छाट’ म्हणतात. पान फाटके निघाले तर हजाराचा हिशोब पुरा करायला बाईला पदरचे पान विकत घ्यावे लागते. किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि ओळखपत्र यांवरचा हक्क कागदावर असतो. बाईच्या हातात किती पडते ते मात्र या छाटीवर आणि पानाच्या प्रतीवर ठरते.

हा उद्योग वाढावा असे कोणीच म्हणणार नाही. तंबाखूची धूळ छातीत जाते, वाकून बसून पाठ धरते आणि बिडी ओढणाऱ्याचे नुकसान वेगळेच. पुड्यावर ८५ टक्के जागेत आरोग्याचा इशारा छापणे एप्रिल २०१६ पासून बंधनकारक झाले. २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर आला तेव्हा बिडीवर २८ टक्के कर बसला आणि ज्या उपकरातून कामगारांचे दवाखाने, शिष्यवृत्त्या, घरकुले चालत तो उपकर त्या करात विलीन होऊन संपला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो कर १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरले. पण दीर्घ पल्ल्यात मागणी उतरतीच राहणार, हे ब्रँचसमोर उभ्या बाईलाही कळते. बहुतेक घरांत आई बिड्या वळते आणि मुलगी शिलाई यंत्रावर बसते. शहराचा पुढचा उद्योग कुठे सरकतो आहे हे या एका खोलीत दिसते.

कुंभारीची वसाहत

अक्कलकोट रस्त्याने शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर कुंभारी गाव लागते. तिथल्या माळरानावर कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाची बिडी कामगार महिलांची वसाहत आहे. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे माजी आमदार नरसय्या आडम, सोलापूरच्या बोलीत ‘आडम मास्तर’, यांच्या पुढाकाराने महिलांची सहकारी गृहनिर्माण संस्था झाली. केंद्र, राज्य आणि स्वतः कामगार यांच्या वाट्यातून १०,००० घरे बांधली गेली आणि २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती सुपूर्द झाली. घराची मालकी बाईच्या नावावर, हा त्या योजनेचा कणा होता.

याच्या आर्थिक परिणामाकडे पाहताना ‘गरिबांना घरे’ एवढ्यावर थांबून चालत नाही. बिडी घरीच वळायची असल्याने घर हीच तिची कामाची जागा आहे. झोपडपट्टीत आठ बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत भिजलेली पाने, तंबाखू, चूल आणि लेकरे एकत्र असत. घरमालकाने हाकलले की ब्रँच बदलावी लागे. स्वतःच्या घरात कामाला ओटा मिळतो, भाडे वाचते, पुढे-मागे शिलाई यंत्र, किराणा दुकान, पिठाची गिरणी घालता येते. घर गहाण ठेवून कर्ज मिळू शकते. घर बाईच्या नावावर असल्याने नवऱ्याने ते परस्पर विकण्याची भीती राहत नाही.

त्याच भागात पुढे ‘रे नगर’ हा ३०,००० घरांचा प्रकल्प आला. बिडी आणि यंत्रमाग कामगारांबरोबर शिलाई कामगार, कचरा वेचणाऱ्या महिला, रिक्षाचालक, हातगाडीवाले असे असंघटित कामगार त्यात आहेत. पंतप्रधान आवास योजनेतून प्रत्येक घराला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख अनुदान, उरलेला भाग लाभार्थ्याचा. १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्यांतील १५,००० घरांचे हस्तांतर झाले. कट्टर विरोधी पक्षांची सरकारे बदलत असतानाही कामगार संघटनेने पाठपुरावा सोडला नाही, म्हणून हे घडले.

मात्र घरापाठोपाठ गावही बसवावे लागते. ब्रँच, शाळा, दवाखाना, बाजार शहरात राहिले तर दिवसाच्या मजुरीतला एक भाग बसभाड्यात जातो. हजारो कुटुंबे एका माळावर गेली की पाणी, सांडपाणी, शहर बससेवा आणि रात्रीच्या दिव्यांचा खर्च कोणी उचलायचा, ग्रामपंचायतीने की महापालिकेने, हा प्रश्न घराच्या किल्लीबरोबरच येतो. वसाहतीत किराणा, दळण, शिवण, दूध असे छोटे व्यवसाय जितके रुजतील तितका हा माळ शहराचा भाग होत जाईल.

गणवेशाचा हंगाम

मुलगी ज्या शिलाई यंत्रावर बसते त्याच्या मागे तयार कपड्यांचा, विशेषतः गणवेशांचा धंदा आहे. शाळा, रुग्णालये, हॉटेले, सुरक्षारक्षक, कारखाने अशा सगळ्यांचे गणवेश सोलापुरात शिवले जातात आणि देशभर जातात. २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून इथल्या उत्पादकांच्या संघाने गणवेशाची प्रदर्शने भरवून बाहेरचे खरेदीदार आणले. कापड बहुतांशी बाहेरून येते. सोलापूर विकते ते शिवण आणि वेळेवर पुरवठा.

युनिटमध्ये मोठ्या टेबलावर कापडाचे थर पसरून यंत्राने कापणी होते. तुकड्यांचे गठ्ठे वस्तीत जातात. कोणी कॉलर, कोणी बाही, कोणी काज-बटण करते आणि माल परत येऊन इस्त्री-पॅकिंग होते. मजुरी नगावर मिळते. शाळांचा हंगाम जूनपूर्वीच्या महिन्यांत तापतो, नंतर उतरतो. म्हणून उत्पादकांना कंपन्या आणि रुग्णालयांच्या गणवेशाची बारमाही मागणी हवी असते. सरकारी निर्णयाने हा हिशोब कसा हलतो ते अलीकडे दिसले. २०२४-२५ मध्ये राज्याने सरकारी शाळांचे गणवेश केंद्रीय पद्धतीने पुरवण्याचे ठरवले. तक्रारी आल्या आणि पुढच्या वर्षी तो अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेला. कापड आधीच भरून ठेवणाऱ्या छोट्या शिवणवाल्याला अशी एक उलटापालट वर्षभर पुरते.

टॉवेलच्या तुलनेत शिवणकामाला भांडवल कमी लागते आणि रोजगार जास्त मिळतो. बिडीतून बाहेर पडणाऱ्या बाईला नवे काम शिकायला महिने लागतात, वर्षे लागत नाहीत. याच वाटेवर खाद्यपदार्थही आहेत. शेंगाचटणी आणि ज्वारीची कडक भाकरी हे मूळचे घरचे पदार्थ; आज बचत गट आणि छोटी घरगुती केंद्रे ते पुण्या-मुंबईला पाठवतात. परवाना, पॅकिंग आणि टिकण्याची मुदत या तीन पायऱ्या चढल्या की घरची भाकरी बाजारात उभी राहते.

चौथ्या दिवसाचे पाणी

या सगळ्या घरांत निळ्या पिंपांची रांग असते. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्याच्या दिवशी माग, सूप आणि शिलाई यंत्र बाजूला ठेवून घर पिंपे भरते. नगावर मजुरी घेणाऱ्या बाईचा तो अर्धा दिवस बुडतो.

भीमा नदीवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याची साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातला निम्म्याहून अधिक, जवळजवळ ६४ टीएमसी, मृतसाठा आहे. उरलेल्या पाण्यावर ऊस, फळबागा, साखर कारखाने, पंढरपूरसह नदीकाठची गावे आणि सोलापूर शहर एवढे दावेदार आहेत. शहराला धरणातून शंभरावर किलोमीटर लांब जलवाहिनीने पाणी येते. दुसरे पाणी भीमेच्या पात्रात सोडून बंधाऱ्यात अडवून टाकळीहून उचलले जाते. नदीतून सोडताना मुरून, वाफ होऊन आणि वाटेत उपसले जाऊन शहराच्या गरजेच्या कितीतरी पट पाणी खर्च होते. तिसरा आधार हिप्परग्याच्या जुन्या तलावाचा. पहिल्या जलवाहिनीला समांतर रोज १७० दशलक्ष लिटर क्षमतेची दुसरी वाहिनी टाकण्याचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. त्यासाठी स्मार्ट सिटी योजनेबरोबर जवळच्या एनटीपीसी वीज प्रकल्पाचाही निधी वापरला गेला.

धरणापासून पाणी आले तरी ते रोज नळाला येण्यासाठी शहरातल्या टाक्या, जुन्या गळक्या वाहिन्या आणि वाटपाची यंत्रणा बदलावी लागते. जमिनीखालचे हे काम कुणाला दिसत नाही, म्हणून ते मागे पडते. टॉवेलच्या रंगाई-धुलाईला पाणी लागते आणि त्याचे सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची सामाईक व्यवस्था झाली तर उद्योग आणि नळ यांची ओढाताण कमी होईल.

चिमणी, विमान आणि रस्ता

जमिनीवरच्या कामांची चर्चा मात्र मोठी होते. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या २० शहरांत महाराष्ट्रातून पुण्याबरोबर सोलापूरची निवड झाली. सिद्धेश्वर तलावाचा परिसर, होम मैदान, रस्ते, मैदाने यांचे काम झाले. जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक निघते, होम मैदानावर ‘गड्डा’ ही जत्रा भरते आणि खेळणीवाले, पाळणेवाले, भांडीवाले यांची वर्षाची मोठी कमाई त्या काही दिवसांत होते. अशा जागेची डागडुजी हा बाजारातलाच खर्च आहे.

विमानतळाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. होटगी रस्त्यावरच्या जुन्या विमानतळावरून नियमित सेवा सुरू होण्यात शेजारच्या सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची सुमारे ९० मीटर उंच चिमणी आड येत होती. एका बाजूला विमानसेवा मागणारे उद्योजक आणि नागरिक, दुसऱ्या बाजूला कारखान्याचे हजारो ऊस उत्पादक सभासद असा वाद अनेक वर्षे चालला. १५ जून २०२३ रोजी चिमणी पाडली गेली. २०२५ मध्ये आधी गोव्याला आणि नंतर मुंबईला विमाने सुरू झाली. टॉवेलचा गठ्ठा ट्रकने किंवा रेल्वेनेच जाणार. विमानाचा उपयोग माल पाहायला येणाऱ्या खरेदीदाराला आणि कंपनीच्या अभियंत्याला. त्यामुळे विमानसेवा टिकेल की नाही हे शहरातल्या कारखान्यांत बाहेरच्यांना दाखवण्याजोगे काय आहे यावर ठरेल.

दाखवण्याजोगे काही आहे. १९९२ मध्ये सोलापुरात सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी मोटारींच्या इंजिनांचे कॅमशाफ्ट बनवून देशोदेशीच्या मोटार कंपन्यांना पुरवते. बालाजी अमाइन्स ही रसायन कंपनीही सोलापूरच्याच भूमीत वाढली. केगाव येथे २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे आणि सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर आणि गाणगापूर या चार क्षेत्रांच्या मधोमध असल्याने भाविकांचा ओघ शहरातून जातो. तो इथे एक रात्र थांबला तर हॉटेल, रिक्षा आणि चादरीच्या दुकानाला धंदा मिळतो. अभियांत्रिकी शिकलेला मुलगा मात्र अजून पुण्याची गाडी पकडतो आणि म्हणूनच आयटी पार्कची मागणी सोलापुरात निवडणुकीगणिक वर येते.

तिजोरी आणि उंबरा

महापालिकेच्या दृष्टीने या अर्थकारणाची एक अडचण आहे. जकात असताना शहरात येणाऱ्या सुताच्या गठ्ठ्याबरोबर तिजोरीतही काही पडे. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर गेला आणि आता राज्याकडून मिळणाऱ्या जीएसटी भरपाईवर मोठी भिस्त आहे. म्हणजे शहरात माग वाढले किंवा बंद पडले तरी पालिकेच्या उत्पन्नावर त्याचा थेट परिणाम जवळजवळ होत नाही. उरतो तो मालमत्ता कर. जिन्याखालची शेड निवासी धरायची की व्यापारी, हा त्यातला कायमचा वाद. उद्योगाच्या भल्यात पालिकेचा वाटा नसला की उद्योगाला लागणारे पाणी, गटार आणि अग्निशमन यांना प्राधान्य मिळत नाही.

राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात नवीन यंत्रे, वीजसवलत आणि तांत्रिक वस्त्रांना प्रोत्साहन आहे. पण त्याचा लाभ घ्यायला प्रकल्प अहवाल, तारण आणि स्वतःचे भांडवल लागते. शटलविरहित एका नव्या मागाच्या किमतीत जुन्या मागांची अख्खी शेड उभी राहते. त्यामुळे दहा-वीस छोट्या कारखानदारांनी एकत्र येऊन सूत खरेदी करणे, सामाईक रंगाई केंद्र व तपासणी प्रयोगशाळा चालवणे आणि एकाच नावाने माल विकणे, हाच मार्ग परवडणारा ठरतो. सहकाराची सवय शहराला आहे. इथे सहकारी रुग्णालय आहे, सहकारी बँका आहेत, सहकारी साखर कारखाना आहे आणि दहा हजार बिडी कामगार महिलांनी सहकारातून घरे बांधली आहेत. सुताच्या खरेदीत तीच शिस्त आणणे त्याहून अवघड नाही.

त्यापाठोपाठ लागणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. नळाला निदान एक दिवसाआड पाणी, गल्लीत अग्निशमनाची गाडी शिरेल एवढी जागा, नोंदणी केल्यावर शिक्षेऐवजी सवलत वाट्याला येईल असा नियम, बिडीतून शिवणकामाकडे वळणाऱ्या महिलेला यंत्र आणि प्रशिक्षण, आणि विकलेल्या मालाचे पैसे ४५ दिवसांत. यांपैकी एकाही कामाचे उद्घाटन थाटात होत नाही. मात्र सोलापूरची कमाई ज्या घरांतून येते त्यांना यांतल्या प्रत्येक गोष्टीचा उपयोग त्याच आठवड्याच्या मजुरीत दिसेल.